नोझल तपासता, मग कॅमेरा का तपासत नाही?

फवारणीचं काम ज्यांनी केलंय त्यांना तो पिवळा कागद माहीत असेल, बोटभर रुंदीच्या पट्ट्या असतात, थेंब पडला की त्या जागी निळा डाग उठतो. थेंब केवढे पडतायत, कुठे पडतायत हे बघायला तो जमिनीवर ठेवायचा आणि वरून फवारा न्यायचा. कॅमेरा लावलेलं, तण ओळखून तेवढ्यावरच तणनाशक सोडणारं यंत्र मी पहिल्यांदा चालताना पाहिलं तेव्हा असाच एक कागद कांद्याच्या ओळीत ठेवला होता. कांदा जेमतेम दोन पानांवर, आणि दोन रोपांच्या मधे घोळ उगवलेली, नखाएवढी. यंत्र वरून गेलं, टक्क असा एक बारीक आवाज आला, आणि बघतो तर घोळीवर ओल, कागदाच्या एका कोपऱ्यावर पाच-सहा निळे ठिपके, बाकी कागद कोरडा पिवळा. शेजारच्या कांद्याच्या पानावर एक थेंब नाही. मी तिथेच गुडघ्यावर बसून राहिलो थोडा वेळ, कारण तणनाशक म्हणजे सगळ्या रानावर सरसकट मारायची गोष्ट हेच आजवर पाहिलेलं, सुक्याबरोबर ओलंही जळायचंच हे धरूनच चाललेलो.

नंतर दुसऱ्या एका प्लॉटवर तसंच यंत्र, संध्याकाळची वेळ, ऊन तिरपं, रोपांच्या सावल्या लांब पडलेल्या. काही दिवसांनी गेलो तर कांद्याच्या दोन ओळी सलग पिवळ्या पडलेल्या, पात माना टाकून आडवी झालेली, आणि मधे लव्हाळा मात्र हिरवागार ताठ उभा. कंपनीच्या माणसाला विचारलं तर म्हणाला सॉफ्टवेअरचं नवीन अपडेट फवारणीच्या आदल्याच रात्री पडलं होतं, लॉग, म्हणजे यंत्राने ठेवलेली नोंद, बघून सांगतो. तो लॉग काही आला नाही. नुकसान कोणाचं, तर ज्याचं रान त्याचं.

दोन्ही दिवस एकाच तंत्राचे. मी या तंत्राच्या बाजूने आहे, अगदी मनापासून, भाजीपाल्यात तर याच्याशिवाय पुढचा रस्ता दिसत नाही मला. पण याला अनुदान द्या, परवाने सोपे करा, टार्गेट ठरवा अशी जी मागणी होतेय तिच्या आधी एक काम व्हायला पाहिजे, या यंत्राचा डोळा, म्हणजे कॅमेरा आणि त्यामागचा प्रोग्राम, कुणीतरी तिऱ्हाईताने तपासायला पाहिजे, फवारा सोडणारं तोंड म्हणजे नोझल तपासतात तसा, आणि डोळा चुकला तर भरपाई कोणी द्यायची हे यंत्र विकतानाच कागदावर ठरायला पाहिजे.

भाजीपाल्यावरच एवढा जोर का देतोय, तर त्याचं कारण रसायनात आहे. तणनाशकाचा सगळा जीव कशाला मारतं आणि कशाला सोडतं यात असतो. टू-फोर-डी १९४५ च्या सुमारास आलं आणि धान्यपिकांचं चित्र पालटलं, कारण ते रुंद पानाचं तण मारतं आणि गवताच्या कुळातल्या पिकाला सोडतं, म्हणजे गहू, मका वाचतात. भाजीपाल्यात हे कसं जमणार? कोबी एका कुळातला, गाजर दुसऱ्या, कांदा तिसऱ्या, टोमॅटो चौथ्या, काकडी पाचव्या, आणि तणं यांचीच चुलत भावंडं. कोबीत रानमोहरी येते, टोमॅटोत कामोणी, गाजरात रानगाजर. जे औषध कामोणीला मारेल ते टोमॅटोला कसं सोडेल? त्यात कंपन्यांचा हिशोब असा की मका-सोयाबीनचं क्षेत्र अफाट, तिथे नवीन रेणूवर, म्हणजे नवीन औषधावर, घातलेला खर्च वसूल होतो, भाजीपाल्याचं एकेक पीक थोड्या क्षेत्रावर, आणि चुकून पीक जळलं तर हेक्टरी नुकसान एवढं मोठं की तो दावा अंगावर कोण घेणार. म्हणून तर अमेरिकेत १९६३ पासून आयआर-४ नावाचा प्रकल्प सरकारी पैशातून चालवावा लागतो, कशासाठी तर अशा छोट्या पिकांसाठी औषधं नोंदवायला लागणारा डेटा तयार करायला.

आणि जी थोडीफार जुनी औषधं हातात आहेत त्यांचं काय होतंय बघा. डीसीपीए नावाचं तणनाशक अमेरिकेत १९५८ पासून नोंदलेलं, कांदा, ब्रोकोली, कोबी यांत वापरलं जायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, तातडीचा आदेश काढून ते थांबवलं, जवळजवळ ४० वर्षांत असा आदेश पहिल्यांदाच निघाला. कारण काय, तर गरोदर बाई फवारलेल्या रानात कामाला गेली तर पोटातल्या बाळाच्या थायरॉइड हार्मोनवर परिणाम होण्याचा धोका. युरोपने तेच औषध २००९ मध्ये बंद केलं होतं. मधल्या १५ वर्षांत त्या रानांत वाकून काम करणाऱ्या किती बायका दिवस गेलेल्या अवस्थेत असतील, हा विचार मला सोडत नाही. त्यामुळे पूर्वीसारखंच सरसकट मारत राहू, चाललंय ते बरं चाललंय, असं कुणी म्हणालं की मला ते ऐकवत नाही.

कॅमेऱ्याने इथे काय केलं, तर निवड करायचं काम रसायनाकडून काढून नोझलकडे दिलं. औषध सगळ्यांना मारणारं असलं तरी चालेल, थेंब नेमका पडला म्हणजे झालं. भाजीपाल्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, ज्या पिकाला एकही चांगलं औषध नोंदलेलं नाही तिथेसुद्धा दार उघडतं. पण याची दुसरी बाजू नीट लक्षात घ्या. पूर्वी पीक वाचेल याची हमी रेणूमध्ये होती, आणि तो रेणू बाजारात यायच्या आधी वर्षानुवर्षं चाचण्या व्हायच्या, डोस ठरायचा, लेबलवर छापून यायचं की अमुक पिकावर, अमुक अवस्थेत, एवढंच. आता ती हमी एका प्रोग्रामवर येऊन बसलीय. त्या प्रोग्रामला लेबल नाही, तो कुठल्या पिकाच्या, कुठल्या मातीच्या, कुठल्या उजेडाच्या फोटोंवर शिकलाय हे विकत घेणाऱ्याला कळत नाही, आणि तो रातोरात बदलू शकतो.

मग यंत्र चांगलं की वाईट हे आज ठरतं कशावर? एका आकड्यावर, किती टक्के औषध वाचलं. ९० टक्के बचत, ९५ टक्के बचत. हा आकडा फसवा आहे, आणि कुणी खोटं बोलतंय म्हणून फसवा नाही, तो नुसता यंत्राचा आकडा नाही, तो रानाचाही आकडा आहे. कागदावर हिशोब करून बघा. समजा नोझलचा एक फवारा ५० बाय ५० सेंटीमीटरचा चौकोन भिजवतो. रानात चौरस मीटरला १ तण असेल, कुठेही कसंही उगवलेलं, तर साधारण २२ टक्के जमीन भिजेल, म्हणजे ७८ टक्के बचत. त्याच रानात चौरस मीटरला १० तणं झाली की तेच यंत्र ९२ टक्के जमीन भिजवणार, बचत ८ टक्के. यंत्र तेच, कॅमेरा तोच, ड्रायव्हर तोच. आता चौकोन २५ सेंटीमीटरचा करा, त्याच १० तणांना ४६ टक्के जमीन भिजते. ६ सेंटीमीटरचा करा, ४ टक्क्यांच्या आत येते. प्रत्यक्षात तण गटागटाने उगवतं त्यामुळे आकडे जरा बरे येतात, पण मुद्दा तोच राहतो. स्वित्झर्लंडच्या इकोरोबोटिक्सचं भाजीपाल्यासाठीचं यंत्र ६ बाय ६ सेंटीमीटरच्या चौकोनावर काम करतं ते याचसाठी. म्हणून कुणी टक्केवारी सांगितली की आधी विचारायचं, चौकोन केवढा आणि तण किती होतं? हे दोन आकडे नसतील तर ती टक्केवारी काही कामाची नाही.

आणि एवढ्या बारीक चौकोनात थेंब पाडायचा म्हणजे वेळेचा हिशोब किती घट्ट लागतो तेही बघा. ताशी ७.२ किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला बरोबर २ मीटर. सेकंदाच्या शंभराव्या भागात यंत्र २ सेंटीमीटर पुढे सरकतं. कॅमेऱ्याने फोटो घेतला, प्रोग्रामने ठरवलं, व्हॉल्व्ह उघडला, थेंब खाली यायला लागला, या सगळ्यात शंभरावा भाग इकडचा तिकडे झाला की दोन सेंटीमीटर चुकले, पेरलेल्या गाजरात किंवा कांद्यात तेवढ्यात शेजारचं रोप येतं. चाक ढेकळावरून गेलं, बूम म्हणजे नोझल लावलेला आडवा दांडा हलला, लेन्सवर धूळ बसली, वाऱ्याने पान कललं, यातलं काहीही पुरतं. वारा म्हटलं की थेंबाचा आकारही आला, थेंबाचा व्यास निम्मा केला की त्याचं आकारमान आठव्या हिश्श्यावर येतं, इतका हलका थेंब कुठेही उडून जातो. म्हणून नेमक्या फवारणीत थेंब जाडच ठेवावा लागतो, आणि जाड थेंब नखाएवढ्या तणावर बसायला हवा तर नेम अजूनच पक्का लागतो.

टक्केवारीच्या नादात दुसरी एक गोष्ट नजरेआड होते ती म्हणजे सुटलेलं तण. यंत्र १०० पैकी ९५ तणं ओळखतं म्हटलं की ऐकायला उत्तम वाटतं. चौरस मीटरला ५० तणं असतील तर हेक्टरी ५ लाख झाली, त्यातली ५ टक्के म्हणजे २५ हजार तणं हेक्टरमध्ये उभी राहिली. घोळीचं एक भरलेलं झाड लाखाच्या वर बी टाकू शकतं. आणि बी काही पुढच्या हंगामात संपत नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम जेम्स बील नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये तणांचं बी वाळूत मिसळून २० बाटल्यांत भरलं आणि जमिनीत पुरून ठेवलं, ठरावीक वर्षांनी एक एक बाटली उकरायची. २०२१ मध्ये एक बाटली काढली तेव्हा १४२ वर्षांनीसुद्धा त्यातलं काही बी उगवलं. सगळी तणं इतकी चिवट नसतात, पण या वर्षी पाच टक्के सोडली याचा अर्थ पुढची कित्येक वर्षं त्याच वाफ्यात ती निघत राहणार. भाजीपाल्यात तर हे जास्तच लागतं, कारण कांदा किंवा गाजर जमीन झाकतच नाहीत, कांद्याची पात सरळ उभी, खाली ऊन पोचतं, तणाला रान मोकळं.

शिवाय फवाऱ्याच्या कडेला जे तण येतं त्याला पुरता डोस मिळत नाही, ते भाजतं, पिवळं पडतं, आणि पुन्हा फुटतं. ऑस्ट्रेलियात रायग्रासवर मुद्दाम कमी डोस देऊन वाचलेल्या झाडांचं बी पुन्हा पेरत गेले तेव्हा थोड्याच पिढ्यांत ते गवत त्या औषधाला दाद देईनासं झालं. नेमकी फवारणी नीट झाली तर उलट फायदा आहे, क्षेत्र थोडं असल्यामुळे तिथे पूर्ण डोस द्यायला हात आखडायला नको, दोन वेगळ्या तऱ्हेची औषधंही एकत्र मारता येतात. पण ती नीट झाली का हे बघणारं कोण?

इथेच मूळ मुद्दा येतो. युरोपियन युनियनमध्ये २००९ च्या निर्देशानुसार व्यावसायिक फवारणी यंत्रांची मुदतीने तपासणी करावी लागते, २०२० नंतर ती दर तीन वर्षांनी. फार चांगला नियम आहे. पण ही तपासणी मुळात पंप, नळ्या, प्रेशर गेज, बूम, नोझल यांच्यासाठी रचलेली. गळती आहे का, दाब बरोबर दाखवतो का, नोझल झिजलंय का. जुन्या यंत्राला तेवढं पुरेसं होतं, कारण जुन्या यंत्राला कुठे मारायचं ते ठरवायचंच नव्हतं. आता निर्णय घेणारा भाग कॅमेरा आणि प्रोग्राम आहे, तेव्हा तपासणी नोझलपाशी थांबवणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आणि तीन वर्षांतून एकदा बघून भागणार नाही, कारण नोझल झिजायला हंगाम लागतो, प्रोग्राम एका रात्रीत दुसराच होतो. अपडेट आलं की यंत्र नवीन धरायचं आणि पुन्हा तपासायचं, निदान शेतकऱ्याला विचारल्याशिवाय आणि जुन्यावर परत जायची सोय ठेवल्याशिवाय ते यंत्रात घुसता कामा नये. मी पाहिलेल्या त्या पिवळ्या पडलेल्या दोन ओळी एवढ्यानेच वाचल्या असत्या.

धोरण ठरवणारेही टक्केवारीच धरून बसतात याची मला काळजी वाटते. युरोपात २०३० पर्यंत कीडनाशकांचा वापर आणि धोका निम्म्यावर आणायचा कायदा २०२२ मध्ये मांडला गेला, नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या संसदेने तो फेटाळला आणि २०२४ मध्ये मागे घेतला गेला. तो परत येईल, कुठल्या ना कुठल्या रूपात सगळीकडे येईल, यायलाच पाहिजे. पण येताना नुसतं लिटर मोजत आला तर ज्याचं रान आधीच स्वच्छ आहे त्याला ९० टक्के बचतीचं बक्षीस मिळेल आणि ज्याच्या रानात लव्हाळा माजलाय, ज्याला यंत्राची खरी गरज आहे, तो नापास होईल.

आता कुणी म्हणेल की तपासणी, भरपाई वगैरे मागे लावलं तर कंपन्या भाजीपाल्याकडे फिरकणारच नाहीत. हा आक्षेप मला खरा वाटतो, हलक्यात घेण्यासारखा नाही. ब्लू रिव्हर टेक्नॉलॉजी ही कंपनी २०११ मध्ये कॅलिफोर्नियात निघाली, तिचं पहिलं यंत्र लेट्यूसची विरळणी करायचं, जास्तीचं रोप ओळखून त्यावर फवारा मारायचं. म्हणजे हे तंत्र वाढलंच भाजीपाल्यात. २०१७ मध्ये ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डिअरने ती कंपनी ३०.५ कोटी डॉलरला घेतली आणि पुढचा सगळा भर मका, सोयाबीन, कापूस यांवर गेला. तेव्हा तपासणीची कुठलीच अट नव्हती तरी भाजीपाला मागे पडलाच, कारण क्षेत्र कमी. त्यामुळे अट नको म्हणून भाजीपाल्याचं भलं होईल यावर माझा विश्वास बसत नाही. उलट औषधांसाठी आयआर-४ केलं तसं फोटोंसाठी करावं, सरकारी संस्थांनी प्रत्येक भाजीपिकाचे, प्रत्येक अवस्थेतले, वेगवेगळ्या मातीतले, तणासकटचे फोटो गोळा करावेत, नावं लावून खुले ठेवावेत. छोट्या कंपन्यांना सगळ्यात महाग तेच पडतं. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी ओपनवीडलोकेटर नावाचं तण ओळखायचं साधन खुलं करून ठेवलंय, रास्पबेरी पायसारख्या छोट्या कंप्युटरवर चालतं, कुणीही जोडून बघू शकतं. ते मुख्यतः मोकळ्या जमिनीवरचं हिरवं ओळखण्यापुरतं आहे, हिरव्यातलं हिरवं, म्हणजे पिकातलं तण, वेगळं काढणं फार पुढची गोष्ट, पण दिशा ती आहे.

दुसरे लोक म्हणतात तणनाशकच नको, खुरपा. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण खुरपणारी कंबर कोणाची हे त्यांनी सांगावं. कॅलिफोर्नियात आखूड दांड्याच्या कुदळीने दिवसभर दुमडून काम करून मजुरांच्या पाठी कायमच्या मोडायच्या, १९७५ मध्ये ती कुदळ बंद झाली, तीही मोठ्या लढ्यानंतर. ओळींच्या मधलं तण यंत्राच्या कोळप्याने जातं, तिथे औषध वापरायची गरजच नाही, हे मी आनंदाने मान्य करतो, आणि कोळपलेली घोळ ओल्या मातीवर पडली की कांडीला मुळं फुटून परत उभी राहते हे कोळपणाऱ्याला माहीत असतंच. लेझरने तण जाळणारी यंत्रंही आलीत. पण ओळीच्या आत, रोपाला चिकटून आलेलं तण, तिथे आज वाकलेला माणूस किंवा नेमका थेंब हेच दोन पर्याय बहुतेकांच्या हातात आहेत. आणि हो, कॅमेऱ्याला उगवलेलंच तण दिसतं, त्यामुळे पेंडीमिथॅलिनसारखं उगवणीआधी मारायचं औषध हे यंत्र आल्याने बंद होईल असंही कुणी सांगू नये. यंत्र आल्यावर ज्यांची खुरपणीची मजुरी जाईल त्यांचा प्रश्न खरा आहे, त्यावर स्वतंत्र लिहायला लागेल, दोन ओळींत उरकण्यासारखा तो नाही.

चाचणी कशी असावी याचं चित्र माझ्या डोक्यात स्पष्ट आहे, फार खर्चाचंही नाही. कंपनीला आधी न दाखवलेलं रान घ्यायचं. कांद्याच्या १०० मीटर ओळीत आधी हाताने एकेक तण मोजून खूण करायची, लव्हाळा वेगळा, घोळ वेगळी, कामोणी वेगळी. यंत्र तीनदा न्यायचं, तीन सारख्या ओळींवर, सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी सावल्या लांब पडल्यावर. एकदा लेन्स पुसून, एकदा दिवसभराची धूळ तशीच ठेवून. पिवळे कागद तणाच्या बाजूला आणि रोपाच्या बाजूला ठेवायचे. १४ दिवसांनी परत येऊन मोजायचं, किती मेली, किती परत फुटली, किती सुटली, किती रोपं भाजली. आणि निकाल यंत्राच्या अंगावर चिकटवायचा, पंपाचा दाब जिथे छापलेला असतो त्याच्याच शेजारी, कुठल्या पिकावर, कुठल्या तारखेचा प्रोग्राम, चौकोन केवढा, १०० तणांमागे सुटली किती, १०० कांद्यांमागे भाजले किती.